गावाबाहेर म्हणजे कुठं?

कचरा कुठं जातो, हा प्रश्न आपल्या शिबिरात निघत नाही. जमिनीचा निघतो, राखीव जागांचा निघतो, अत्याचाराचा निघतो. ते निघायलाच पाहिजेत. पण कचऱ्याचं नाव काढलं की कार्यकर्ता म्हणतो, तो महापालिकेचा विषय आहे, आपला नाही. मी म्हणतो, तो जातीचा विषय आहे. रोज सकाळी ट्रकात बसून आपल्या नाकासमोरून जातो आणि आपण रुमाल लावून बाजूला सरतो, इतकंच.

क्रांती चौकात उभे राहा. १८५७ च्या बंडातल्या शिपायांना जिथं मारलं तो काळा चबुतरा इथलाच. मोर्चे इथून निघतात, घोषणा इथं घुमतात. या चौकातून चारी दिशांना बोट दाखवा. पूर्वेला जालना रोडनं गेलं की चिकलठाणा, त्याच्या पलीकडं नारेगाव. पश्चिमेला छावणी ओलांडली की पडेगाव, मिटमिटा. उत्तरेला हर्सूल. पैठण रोडनं खाली गेलं की कांचनवाडी. या शहराचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, कचरा कुणाच्या दारात गेला हे या नावांवरून कळतं. यातलं एकही नाव शहराच्या मधलं नाही.

तीस वर्षांहून जास्त काळ सगळा कचरा नारेगावला जात होता. लोक त्याला डेपो म्हणायचे. डेपो म्हटलं की वाटतं काही तरी व्यवस्था असेल. व्यवस्था एकच होती: ट्रक यायचा, मागचा भाग उचलायचा, ओतायचा, निघून जायचा. उष्टं अन्न, मेलेली कुत्री, बाटल्या, पन्न्या, दवाखान्यातल्या सुया, सगळं एकात एक. अशा ढिगाचं पुढं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण भाषणात ते कुणी सांगत नाही.

आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास माल ओला असतो. तो ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. तो सडतो आणि मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. वरून आग विझली तरी आत धुमसत राहते आणि तिच्यात प्लास्टिक जळतं. तो धूर आसपासची लेकरं छातीत घेतात. पाऊस पडला की ढिगातून काळं पाणी झिरपतं. ढिगाखाली चिकणमातीचा आणि प्लास्टिकचा थर घातलेला नसेल तर ते पाणी जमिनीत उतरतं, विहिरीत जातं, बोअरला लागतं. शेतकऱ्याला पाणी उपसल्यावर कळतं, वास आला की. माश्या, डास, मोकाट कुत्री हे वेगळं. वर घारी घिरट्या घालतात आणि जवळच चिकलठाण्याचं विमानतळ. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की कचऱ्याचं भूभरण वस्तीपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर आणि विमानतळापासून २० किलोमीटर लांब पाहिजे. नियम कागदावर, घारी आभाळात.

नारेगाव, मांडकी, गोपाळपूर, या गावांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, कोर्टाची पायरी चढली. शेवटी १६ फेब्रुवारी २०१८ ला लोक रस्त्यावर बसले आणि ट्रक अडवले. म्हणाले, आता एक गाडी आत जाणार नाही. आणि गेली नाही. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानंही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. रोजचा चारशे टनांच्या वर कचरा, आणि त्याला जागा नाही. मग तो शहरातच साचला. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, शाळेच्या भिंतीला. कित्येक महिने. ज्यांनी तीस वर्षं डेपो पाहिला नव्हता त्यांच्या गॅलरीखाली डेपो आला.

त्या दिवसांत पांढरपेशा माणूस पहिल्यांदा कचऱ्यावर बोलायला लागला. काय बोलला? आरोग्याला धोका आहे, ताबडतोब उचला. कुठं न्या, हे बोलला नाही. गाड्या निघाल्या जागा शोधत. ज्या गावाला जातील तिथं लोक आडवे. ७ मार्च २०१८ ला मिटमिट्यात भडका उडाला. दगड आले, गाड्या जळाल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. पोलीस घरात घुसून मारतात, उभ्या गाड्या फोडतात, अशी चित्रं सगळ्यांनी पाहिली. विधिमंडळात आवाज उठला आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं. हे सगळं कशासाठी? उष्टं टाकायला जागा पाहिजे म्हणून.

आता माझ्या घरातलं सांगतो.

माझी माय कागद वेचायची. खांद्यावर गोणी, हातात लोखंडी आकडी. पहाटे निघायची ती क्रांती चौक, समर्थनगर, उस्मानपुरा असं करत ऊन चढेस्तोवर फिरायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण गोणी घरी रिकामी केली की तिचे ढीग पडायचे: पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, कडक प्लास्टिक वेगळं, पन्नी वेगळी, पत्रा वेगळा, काच वेगळी. कडक प्लास्टिकातही ती बोटानं टिचकी मारून आवाजावरून प्रकार ओळखायची. भंगारवाला प्रत्येकाचा वेगळा भाव द्यायचा. कचरा वेगवेगळा करा, असं सरकारनं २००० सालच्या नियमांत लिहिलं. माझी माय त्याच्या आधी पंधरा वर्षं ते करत होती. तिला कुणी तज्ज्ञ म्हटलं नाही. कचरावाली म्हटलं.

एकदा कुणाच्या तरी घरच्या पिशवीत उष्ट्या भाताखाली फुटलेली बाटली होती. मायनं हात घातला. तळवा चिरला. टाके पडले, जखम चिघळली, आणि उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. त्या हातानं ती भाकरी थापायची तेव्हा भाकरीला एका बाजूनं खळगा पडायचा. आम्ही भावंडं ती खळग्याची भाकरी खाऊन शिकलो.

ज्या घरातून ती काच आली त्या घरातली माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की पिशवी दाराबाहेर ठेवली की ती आपली राहत नाही. पिशवीत हात घालणारा हात त्यांच्या डोळ्यांपुढं कधी आलाच नाही.

२०१८ च्या त्या गदारोळात आमचा एक मित्र घरी आला. चळवळीतला, तळमळीचा. म्हणाला, "निवेदन देतोय. डेपो हटाव."

माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "हटवून कुठं नेता, लेकरा?"

"गावाबाहेर, आजी. लांब."

माय म्हणाली, "गावाबाहेर तर आपनच व्हतो की. मंग तितं कोन ऱ्हातंय, ते इचारलं का?"

मित्र गप्प झाला. मग मायनंच पुढं विचारलं, "आन् डेपोवर येचनाऱ्या बाया? त्यायनी कुठं जायाचं? कामून कुनी बोलंना त्यायच्याबद्दल?"

निवेदनात त्या बायांचं नाव नव्हतं. कुणाच्याच निवेदनात नव्हतं. गावकऱ्यांच्या नव्हतं, शहरवाल्यांच्या नव्हतं. डेपो चालू असताना त्या दिसत नव्हत्या आणि डेपो बंद झाल्यावर त्यांची चूल विझलेलीही दिसली नाही.

दोस्तहो, मला जे म्हणायचंय ते इथं आहे. हा समाज माणसं वेगवेगळी ठेवण्यात जगात पटाईत. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, वस्ती वेगळी, कपबशी वेगळी. आणि याच समाजाला घरात दोन डबे वेगळे ठेवा म्हटलं की जमत नाही. का जमत नाही? कारण वेगळं करायचं तर आपल्या घाणीकडं बघावं लागतं, तिला हात लावावा लागतो. आणि ते काम कुणाचं, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं आहे. हात लावणारा फुकटात मिळतो, म्हणून कचरा एकत्र होतो. एकत्र झाला म्हणून सडतो. सडला म्हणून गावाबाहेर न्यावा लागतो. जात म्हणजे नुसती कामांची सोय, असं सांगणाऱ्यांचा बाबासाहेबांनी १९३६ सालीच समाचार घेतला होता. ती सोय कशी चालते ते बघायचं असेल तर कुठल्याही डेपोवर जा.

मुंबईचं देवनार घ्या. तिथं कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ साली. साल लक्षात आलं? त्याच साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एकीकडं आपण पाण्याजवळ जायला निघालो आणि दुसरीकडं शहरानं घाण टाकायला नवी जागा धरली. पुढं त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहायला आलं? झोपड्या तुटलेले, हाकलून दिलेले, बौद्ध, मातंग, मुसलमान, पोटासाठी आलेले. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं. धूर इतका की उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सगळ्या मुंबईला धूर दिसला तो त्या चार दिवसांत. पायथ्याच्या माणसाला तो आधीही होता, नंतरही राहिला.

मग करायचं काय? डेपो नको म्हणून थांबायचं? नाही. पुण्यात दुसरं उदाहरण आहे. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकारानं आणि एसएनडीटीतल्या कार्यकर्त्यांच्या मेहनतीनं कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यात बहुतेक बाया, आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच. त्यांनी भीक मागितली नाही. म्हणाल्या, आम्ही कामगार आहोत, ओळखपत्र द्या. ते मिळवलं. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेशी करार केला आणि त्याच बाया दारोदार जाऊन कचरा घ्यायला लागल्या, पगारासारखं शुल्क हक्कानं मागायला लागल्या. याचा अर्थ पुण्यात सगळं गोड झालं असा नाही. त्याच पुण्याच्या कचऱ्यानं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी नासवल्या, तिथल्या लोकांनाही गाड्या अडवाव्या लागल्या. पण एक गोष्ट सिद्ध झाली. वेचणाऱ्या हाताला कामगार म्हणून उभं करता येतं.

आणि जमिनीचं बघा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि १९६४ ला आपल्या माणसांनी पडीक जमिनीसाठी तुरुंग भरले. आजही मराठवाड्यात गायरान कसणारा माणूस सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून चकरा मारतो. त्याला सांगतात, ही सार्वजनिक जमीन आहे, देता येत नाही. कचऱ्याला जागा शोधायची वेळ आली की पहिली नजर त्याच गायरानावर, त्याच पडीक खदानीवर जाते. माणसाला नाकारलेली जमीन कचऱ्याला मिळते.

२०१८ नंतर आपल्या शहरात चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रं करायचं ठरलं आणि ती टप्प्याटप्प्यानं उभी राहत गेली. कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची योजना. चांगलं आहे. पण यंत्राला जात कळत नाही, तसा एकत्र आलेला कचराही पचत नाही. घरातून मिसळून आला तर यंत्रासमोर पुन्हा कुणाला तरी उभं करून हातानं निवडावं लागतं. तो कुणी तरी कोण असतो, हे मी सांगायची गरज नाही.

म्हणून पुढच्या वेळी निवेदन लिहिताना 'डेपो हटाव' एवढंच लिहू नका. खाली हे लिहा. आमच्या वॉर्डातली गाडी ओला-सुका वेगळा घेते की एकाच खोक्यात ओतते, ते दाखवा. सफाई कामगार कायम आहे की ठेकेदाराचा, त्याचा फंड भरला जातो का, हातमोजे आणि बूट मिळाले का, ते कागदासकट सांगा. वेचणाऱ्या बायांची नोंद करा आणि केंद्रातलं काम आधी त्यांना द्या. जुन्या ढिगाभोवतालच्या विहिरींचं पाणी तपासा आणि निकाल त्या गावाच्या चावडीवर लावा. साचलेला जुना ढीग चाळून, माती वेगळी, प्लास्टिक वेगळं काढून जागा मोकळी करा, आणि ती मोकळी झालेली जागा कुणाला देणार ते आत्ताच जाहीर करा.

आणि हे निवेदन घेऊन एकटे जाऊ नका. नारेगावचा शेतकरी, मिटमिट्याची लाठी खाल्लेली बाई, वेचणारी आजी, गाडीवरचा कामगार, यांना सोबत घ्या. आजवर या चौघांना एकमेकांसमोर उभं केलं गेलंय. गाववाला गाडीवाल्याला दगड मारतो, शहरवाला गाववाल्याला शिव्या देतो, आणि पिशवी ठेवणारा दार लावून घेतो. चौघं एका बाजूला आले तर ते दार वाजवता येईल.

दार उघडलं की आधी शिवी देऊ नका. पिशवी पुढं करा आणि म्हणा, हे तुमचं आहे, आधी वेगळं करून द्या.

जयभीम.