‘चालेल’ म्हणायचं नाही

मराठीत हॉटेल म्हणजे आधी खायची जागा. ‘हॉटेलात जाऊ’ म्हटलं की डोळ्यांपुढे चहा-भजी येतात. राहायची सोय असेल तर ते लॉज, आणि आमच्या घराला त्याचीही कधी फारशी गरज पडली नाही. शेगावला गेलं की भक्तनिवास, मोठ्या शहरात महाराष्ट्र मंडळाची खोली, बाकी सगळीकडे नातलग. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी वयाच्या साठीपर्यंत एकदाही काउंटरपाशी उभं राहून स्वतःसाठी खोली मागितली नव्हती. ती वेळ आली तेव्हा मागायची होती इंग्रजीत.

आम्ही कुम्हारीचे. रायपूरहून भिलाईकडे येताना खारून नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा लागतो आणि जीई रोडवर आमचं गाव येतं. नावातच कुंभार आहे. आमचे लोक नागपूरकडून इथे आले. त्यात परदेशी जाण्यासारखं काही नव्हतं. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती आणि त्याही आधी इथे भोसल्यांचं राज्य होतं. घरात मराठी, शेजारी छत्तीसगढी, बाजारात आणि कचेरीत हिंदी. या तीन भाषांत जन्म सुखाने निघतो. शेजारणीचा पहुना आणि आमचा पाहुणा एकाच कुळातला. त्याच्यासाठी चुलीवर काय चढवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या भाऊजींच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी चेन्नई सुचवली. मुलगा परदेशात, त्याला ऑपरेशनच्या आठवड्यापुरतीच रजा मिळत होती. त्याच्या आधीचे तपासण्यांचे दिवस आणि नंतरचे दोन आठवडे जाऊबाईंना एकटीनेच निभवायचे होते. “बुकिंग मी इथून करतो, तू काळजी करू नकोस,” असं तो फोनवर म्हणाला. फोन ठेवल्यावर जाऊबाई मला म्हणाल्या, “बुकिंग करेल गं तो. पण रात्री दोनला नळाला पाणी नाही आलं, तर काय त्याला उठवू?”

मी शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्याकडे पंधरा दिवस होते. दुपारी जेवणं आटोपली की जेवणाचं टेबल हेच काउंटर. मी पलीकडे, त्या अलीकडे, हातात पर्स आणि पाठीशी खरीखुरी बॅग. समोर संभाषणाचं एक पुस्तक होतं. त्यातल्या माणसाला समुद्र दिसणारी खोली हवी असते, पोहण्याचा तलाव किती वाजता उघडतो हे जाणून घ्यायचं असतं, आणि नाश्त्यात फळं आहेत का याची त्याला चौकशी असते. जाऊबाईंनी दोन दिवस ते निमूट म्हटलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, “या पुस्तकातला माणूस कधी आजारी पडतच नाही का गं?”

मग पुस्तक बाजूला ठेवून आम्ही शंभर पानी वही केली. आमच्या भागातली किती माणसं हौसेने हॉटेलात राहतात आणि किती गरजेने, हे रायपूरला टाटीबंधच्या एम्सबाहेरच्या लॉजांपाशी उभं राहिलं तरी कळतं. वहीत गरजेचे प्रश्न आले. कमोड आहे का? लिफ्ट आहे का, आणि लाइट गेली तर जनरेटरवर चालते का? खिचडी शिजवू द्याल का? दिवसाचा हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? हा शेवटचा प्रश्न पैशांचा होता. गाडी पहाटे पोहोचली आणि हिशेब दुपारी बाराचा असला, तर सात तासांसाठी एक पूर्ण दिवस मोजावा लागतो. सुट्टी मिळायला उशीर झाला तर खोली वाढवून मिळेल का, आणि लवकर मिळाली तर उरलेले पैसे परत मिळतील का, हेही लिहिलं. डबल रूम म्हणजे एक मोठा पलंग आणि ट्विन म्हणजे दोन वेगळे, हे लाल शाईने लिहिलं. छातीला टाके असलेल्या माणसाशेजारी दुसऱ्याने कूस बदललेलीही चालत नाही.

फोनवर नाव सांगायचा सराव वेगळाच झाला. इंग्रजीतली बी, डी, पी, टी ही अक्षरं फोनवर सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडतात. विमानवाले अल्फा, ब्राव्हो म्हणतात. जाऊबाईंनी आपली लिपी केली: बी फॉर भिलाई, डी फॉर दुर्ग, के फॉर कुम्हारी, एन फॉर नागपूर, पी फॉर पंढरपूर. थर्टीन आणि थर्टीचा घोळ नको म्हणून भाडं एकेक आकडा सुटा करून विचारायचं ठरलं: वन, थ्री, झिरो, झिरो?

शब्द लवकर आले. त्यांच्या तोंडी ‘गिव्ह रूम’ यायचं. त्यात उर्मटपणा नव्हता. मराठीत ‘खोली द्या’ म्हटलं की आदर ‘द्या’मध्येच असतो, इंग्रजी क्रियापदात तो मावत नाही, त्याला वाक्याच्या तोंडाशी आणून बसवावं लागतं. म्हणून ‘आय वुड लाइक’. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आधी नमस्कार करायचा, मग मागायचं.” त्यानंतर त्या कधी चुकल्या नाहीत.

खरी अडचण पुढे होती. मी काउंटरवाला होऊन म्हणे, “ट्विन नाही, डबल घ्या.” जाऊबाई लगेच, “ओके, ओके.” मी म्हणे, “खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे.” त्या पुन्हा, “ओके.” चाळीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्याच्या घरी तीनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय चहाला हात लावला नाही, गार पोळी ‘चालेल’ म्हणून खाल्ली आणि स्वतःच्या घरी मात्र पाहुण्याच्या मागे लागून वाढलं, तिला आता दुसरीच गोष्ट शिकायची होती. पैसे मोजून राहणारा माणूस मागतो तेव्हा कुणाचे उपकार घेत नाही. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: ‘चालेल’ म्हणायचं नाही.

एके दुपारी मी त्यांना सांगितलं की हॉटेल आणि हॉस्पिटल हे शब्द मुळात एकाच घरचे. लॅटिनमध्ये ‘हॉस्पेस’ म्हणजे पाहुणाही आणि यजमानही; त्याच्यापासून दोन्ही निघाले. त्यांनी क्षणभर विचार केला. “एकाच घरी दोनदा पैसे भरायचे म्हणजे,” त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य घोकू लागल्या.

चेन्नईत त्यांना दिली ती खोली तिसऱ्या मजल्यावरची, एका पलंगाची. भाऊजी सोफ्यावर टेकलेले. जाऊबाईंनी म्हटलं, तळमजल्यावर ट्विन रूम हवी, पेशंट आहे. पलीकडचा माणूस भराभर बरंच काही बोलला. त्यातलं त्यांना काही कळलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो पुन्हा बोलला. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्यांदा त्याने किल्ली बदलली. “हिंमत कसली गं,” त्या नंतर मला म्हणाल्या, “दुसरं वाक्यच येत नव्हतं.” सुट्टी पाच दिवसांनी लांबली, तेव्हा खोली त्यांनीच वाढवून घेतली. मुलाला दुसऱ्या दिवशी कळलं.

इंग्रजी काउंटरपाशीच संपत होती, हेही त्यांनी येऊन सांगितलं. खोली झाडायला येणाऱ्या बाईला फक्त तमिळ येत होती. तिला यांचं इंग्रजी कळेना, यांना तिचं काही कळेना. रोज सकाळी गरम पाण्याची बादली तिनेच आणायची. त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावर जाऊबाईंच्या अक्षरात नवे शब्द आले: सुडु तण्णी, गरम पाणी. पोदुम, पुरे.

भाऊजी आता खारूनच्या पुलापर्यंत स्कूटरवर जाऊन येतात. वही आमच्याकडे राहिलेली नाही. ती तिसऱ्या घरी फिरते आहे. मागच्या महिन्यात समोरच्या गल्लीतल्या छत्तीसगढी शेजारणीला नवऱ्याच्या उपचारांसाठी दक्षिणेत जायचं ठरलं. ती दुपारी आमच्याकडे आली. यावेळी टेबलाच्या पलीकडे जाऊबाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, चेहरा कडक.

“ट्विन नाही. डबल चालेल?” त्यांनी विचारलं.

“हव, चलही,” शेजारीण म्हणाली.

जाऊबाईंनी पेन खाली ठेवलं. “फिर से,” त्या म्हणाल्या.