मोड आलेली ज्वारी

मागच्या महिन्यात एडिंबरोची ऑनसाईट आटपून आलो तो थेट सेलूजवळच्या आमच्या गावी. बॅगेत आईसाठी शाल, भाच्यांसाठी चॉकलेटं आणि एका मित्रासाठी तलिबार्डिनची बाटली. (ड्युटी फ्रीचा मोह, दुसरं काय!) आता आमच्या घरात दारू म्हणजे काका. देशीपायी गेले, बेचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून आई खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊनच घरात ठेवते.

बाटली नेमकी अण्णांना सापडली. चिडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

"कशापासून करतेत हे?"

"सातूपासून, अण्णा." मग काय, मी सुटलोच. सातू भिजवून मोड आणायचे, वेळेवर वाळवायचे, की झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात कालवायचं, आंबवायचं, तांब्याच्या भांड्यात दोनदा अर्क काढायचा आणि ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं ठेवायचा. त्याआधी स्कॉच म्हणायचं नाही, कायदाच आहे तसा. हायलंडमधली ही डिस्टिलरी १९९५ मध्ये बंद पडली, २००३ मध्ये परत सुरू झाली. म्हणजे नवी व्हिस्की यायला २००६ उजाडणार. तोवर भिस्त जुन्या पिंपांवर. (आणि आमचा क्लायंट तीन आठवड्यांत रिलीज मागतो!)

अण्णा मात्र पहिल्याच पायरीवर अडकले होते. "मुद्दाम मोड आणतेत?"

आमच्याकडे खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडली की दाणा काळा पडतो, कणसातच मोड फुटतात. व्यापारी मूठभर उचलतो, हुंगतो आणि परत पोत्यात टाकतो. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती द्यायचं धोरण आणलं, तेव्हा अशा काळ्या ज्वारीलाही भाव मिळेल असं सांगितलं जायचं. मी लहान होतो, पण ओसरीवरची भांडणं आठवतात. अण्णा म्हणायचे, मिळत असेल भाव तर विकावी. आणि काका, रोज पिऊन येणारा माणूस, ओरडायचे, "आपलीच ज्वारी आपल्याच नरड्यात ओततेल, दादा!"

अण्णांनी बाटली दाराशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ तो सोनेरी रंग बघत राहिले.

"त्याला हे दिसलं असतं तर..." एवढंच म्हणाले आणि बाटली ज्वारीच्या कोठीमागे ठेवून दिली.

मित्राला मी चॉकलेटं दिली. बाटली अजून तिथेच आहे.