पिंजरा, जंगल आणि मधलं गाव

प्राणी बघायला निघायचं ठरलं की मी आधी वार बघते, गावं नंतर. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतात. नागपूरचं गोरेवाडा सोमवारी बंद, ताडोबा मंगळवारी. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, पर्यटकांना बंदच. रेल्वेचं आरक्षण, शाळेच्या सुट्ट्या, ऑफिसची रजा आणि हे बंद दरवाजे यांचा मेळ घालताना नाकी नऊ येतात. तरीही ही बंदी मला मनापासून पटते. आठवड्यातला तो एक दिवस काचेवर कुणी टकटक करत नाही, पिंजऱ्यापुढे कुणी शिट्ट्या मारत नाही, जंगलातल्या रस्त्यावर जिप्सींची धूळ उडत नाही. त्या दिवसाचा मान राखून उरलेल्या दिवसांत आपली सहल बसवायची. नियोजनाची सुरुवात इथूनच व्हावी असं मला वाटतं.

यंदा एप्रिलच्या शेवटी भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी असे सगळे विदर्भात जाणार आहोत. भावाने पाठवलेल्या पहिल्या यादीत महाराजबाग, गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, ताडोबा आणि शेवटी हेमलकसा, एवढं सगळं एका आठवड्यात होतं. त्यातलं बरंच मी खोडलं. हेमलकसा पार भामरागडच्या टोकाला आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ मध्ये तिथे सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प जाता जाता उरकायचा नसतो, त्यासाठी वेगळी रजा काढावी. नागझिराही पुढच्या वेळी. मुक्कामाची ठिकाणं दोनच ठेवली, आधी नागपूर आणि मग ताडोबाच्या दारातलं मोहर्ली. पुतणीने लगेच विचारलं, "आत्या, मग वाघ नक्की दिसणार ना?"

वाघ दिसावा असं मलाही वाटतं. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यांतले सर्वांत जास्त चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, तेव्हा आशा धरायला जागा आहे. पण एका प्राण्याच्या दिसण्या-न दिसण्यावर अख्ख्या घराची सुट्टी टांगून ठेवायची मला इच्छा नाही. म्हणून मी या सहलीची मांडणी अस्वलाभोवती केली आहे.

आमच्या ओळखीत प्राणिसंग्रहालयाच्या नावानेच नाक मुरडणारी मंडळी आहेत. कोंडलेला प्राणी काय बघायचा, असं त्यांचं म्हणणं. कोंदट पिंजऱ्यात दिवसभर येरझारा घालणारा बिबट्या मीही पाहिलेला आहे, त्यामुळे त्यांचा राग मला कळतो. तरी मी मुलांना आधी गोरेवाड्यालाच नेणार. तिथली भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. तृणभक्षी प्राणी, अस्वल, बिबट्या आणि वाघ यांची मोठमोठी कुंपणं आहेत आणि आपण जाळीच्या बसमधून त्यांतून जातो. आईच्या गुडघ्यांना जिप्सीचे धक्के सोसत नाहीत. बसमध्ये ती निवांत बसू शकते. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही प्राणी बघायचे असतात, आणि सहलीचं नियोजन करताना त्यांना हॉटेलवर बसवून ठेवणं हा काही पर्याय होऊ शकत नाही.

अस्वल जवळून बघण्यासारखं असतं. कुंपणातल्या मातीत तोंड खुपसून बसलेलं अस्वल मी बसमधून पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आधी लांब, वाकड्या नखांनी त्याने माती उकरली. मग ओठांची नळी करून जोरात फुंकर मारली, तशी वरची माती उडून गेली. आणि पाठोपाठ आवाज आला तो चोखण्याचा, इतका मोठा की बसमधली सगळी माणसं गप्प झाली. वाळवी खाण्यासाठीच त्याचं तोंड घडलेलं आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी आत ओढतं. माती आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेता येतात. छातीवरचा पांढरा पट्टा, केसांचे ते अस्ताव्यस्त झुपके, धापा टाकल्यासारखा श्वास, हे सगळं जंगलात इतक्या सावकाश कधी बघायला मिळत नाही. जंगलातलं अस्वल बहुधा रस्ता ओलांडताना दिसतं आणि क्षणात झुडपात शिरतं.

पण एकदा ते तोंड जवळून पाहिलेलं असलं की ताडोबाच्या रस्त्याकडेचं वारूळ वेगळं दिसायला लागतं. बुडाशी खणलेला खड्डा, सभोवती उडालेली माती, शेजारच्या झाडाच्या सालीवर ओरखडे. अस्वल समोर नसतं, तरी रात्री इथे काय घडलं ते मुलांना सांगता येतं आणि त्यांना ते पटतंही. म्हणून आधी प्राणिसंग्रहालय आणि मग जंगल हा क्रम मी बदलू देत नाही. उलट क्रमाने गेलं की मुलं प्राणिसंग्रहालयात नुसती हळहळतात, आणि जंगलात मात्र आपण नेमकं काय बघतोय ते त्यांना कळलेलं नसतं.

आईची मागणी अगदी साधी होती. "वाघाचं राहू दे गं, मला मोहाचं झाड दाखव."

एप्रिलच्या शेवटी मोहाचा बहर ओसरत आलेला असेल, पण झाडावर तांबूस कोवळी पालवी असेल. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्रीच्या वेळी गळतात. पहाटे झाडाखाली पिवळट पांढऱ्या, रसाळ फुलांचा सडा पडलेला असतो. तो वेचायला गावातल्या बाया आणि पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत निघतात, कारण उशीर केला तर जनावरं खाऊन जातात. अस्वलाला मोह फार आवडतो. म्हणजे एकाच झाडाखाली, एकाच वेळी, बाई आणि अस्वल दोघांनाही पोहोचायचं असतं. मे उजाडला की तेंदूपत्ता सुरू होतो. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचे. पावसाळ्याआधी हातात रोख पैसा येण्याचा हा मोठा आधार. पानं झुडपांवर असतात, म्हणून दिवसभर वाकून तोडावी लागतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

आपली उन्हाळी सुट्टी नेमकी याच दिवसांत येते. पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्याजवळ येतो, तो दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून आपण उन्हातान्हात, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी गाठत असताना तिकडे धावतो. पहाटे गेटवर जिप्सींची रांग लागते तेव्हाच बफरमधल्या गावांतून माणसं रानात शिरत असतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आणि भोवतीचा बफर त्याहून मोठा, सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा. त्या बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत, आणि वाघही आहेत. सहा पर्यटक, गाईड आणि चालक एवढी माणसं गाडीत बसून जो वाघ बघायला जातात, तोच वाघ टोपली घेऊन एकटीने वाकलेल्या बाईलाही भेटू शकतो. सहलीच्या आराखड्यात त्या गावासाठी जागाच नसेल, तर आपण या जंगलाचं अर्धंच चित्र घेऊन घरी येतो.

आणि पिंजऱ्याचा रस्ताही त्याच गावातून जातो. माणूस मारला गेला की गावात संताप उसळतो, वनखातं पिंजरे लावतं, वाघाला किंवा बिबट्याला बेशुद्ध करून पकडतं. अशा अनेक प्राण्यांना गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात आणलं जातं. २०२४ च्या डिसेंबरअखेर तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. ते वाघ चंद्रपूरहून, संघर्षानंतर पकडून आणलेले होते. हे केंद्र पर्यटकांना बघता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण सफारीच्या बसमध्ये बसलेल्या मुलांना एवढं तरी ठाऊक असावं की जवळच असे प्राणी आहेत, जे काही दिवसांपूर्वीपर्यंत मोकळे फिरत होते.

पिंजऱ्यातून जंगलात परतायची उलट वाट किती अवघड आहे, हे अवनीच्या पिलाने दाखवून दिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याची ही वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालून मारली गेली. तिच्या मादी बछड्याला त्याच डिसेंबरमध्ये पकडून पेंचमध्ये मोठ्या कुंपणात वाढवलं, शिकार करायला लावलं आणि मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडलं. जखमा होऊन ती थोड्याच दिवसांत गेली. एवढी मेहनत, एवढी काळजी, आणि तरीही. ही गोष्ट मी मुलांना सांगणार आहे. लहान मुलांना असलं कशाला सांगायचं, असं वहिनीला वाटतं. मला वाटतं, वाघ मुठीत असल्यासारख्या जाहिराती मुलं रोज बघतात. त्यांना हेही पेलेल.

पेंचसाठी मी अर्धा दिवस ठेवला आहे, पण सफारीसाठी नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरण करताना तिथे रस्ता खांबांवर उचलून खालून प्राण्यांना वाट मोकळी ठेवली. महाराष्ट्राच्या हद्दीत त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे. वाहनांचा आवाज आणि दिव्यांचा झोत खाली पोहोचू नये म्हणून कडेने भिंती उभ्या केल्या. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री, गवे, चितळ असे कितीतरी प्राणी ये-जा करताना टिपले गेले. वरून जाणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. भिंती लागल्या की तेवढं कळतं. या रस्त्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, काम रखडलं, लोकांनी नावं ठेवली, आणि अखेर ही वाट निघाली. वाघ बघण्याइतकंच हे बघणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याला ना तिकीट आहे ना आरक्षण.

मोहर्लीत दोन सफाऱ्या घेतल्या आहेत, एक कोअरमध्ये आणि एक बफरमध्ये. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे मुलांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. मधली एक दुपार आणि एक अख्खी सकाळ रिकामी आहे. भावाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण गावच्या चहाच्या टपरीवर बसायला, आईला मोहाखाली खुर्ची टाकून द्यायला, ज्या घरी उतरणार त्या घरच्या माणसांशी बोलायला वेळ लागतोच. मोहर्लीला स्थानिक महिला गाईड आहेत. जमलं तर त्यांच्यापैकीच कुणाबरोबर जायचं माझ्या मनात आहे. मोह वेचण्यातच लहानपण गेलेल्या बाईने दाखवलेलं जंगल पुतणीने बघावं, असं मला फार वाटतं.

२०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरलं. त्याचा व्हिडिओ पसरला, चालक आणि गाईडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण गाडीत मागे बसून "अजून थोडं पुढे घ्या" म्हणणारी माणसं आपल्यासारखीच घरून सुट्टी आखून आलेली होती. वाघ दिसला तर जास्त बक्षिसी, नाही दिसला तर तोंड पाडून बसणारं कुटुंब, अशा वेळी रोजंदारीवर पोट असलेला चालक गाडी पुढे घेणारच. म्हणून आमच्या घरात मी आत्ताच ठरवून टाकलं आहे की बक्षिसी दोन्ही दिवस सारखीच द्यायची आणि ती निघण्याआधीच बाजूला काढून ठेवायची.

तुम्हीही या उन्हाळ्यात अशी सहल आखत असाल तर एवढं करा. गाडीत बसल्यावर गाईडला पहिला प्रश्न वाघाचा विचारू नका. गाव कुठलं, यंदा मोह किती पडला, तेंदूची फळी कधी लागते, हे विचारा. आणि समोर वाघ असताना त्याने गाडी मागे घ्यायला सांगितलं, तर गाडीतल्या सगळ्यांनी त्याचं ऐका.