मरणाऱ्याचा हात

"ख्रिस्ती धर्म लई सोपा. आयुष्यभर लोकांच्या मुंड्या मुरगाळा आणि शेवटच्या उचकीला 'देवा, चुकलो' म्हणा. स्वर्ग पक्का." आपल्या पोरांच्या बैठकीत हे मी किती वेळा ऐकलंय. हशा पिकतो. चहा येतो. विषय संपतो.

माझ्यापुरता तो संपत नाही. माझे बापाकडचे लोक १९५६ नंतर बौद्ध झाले. आईकडचे त्याच्या दोन पिढ्या आधीच, नगर जिल्ह्यात, मिशनच्या हाताला लागून ख्रिस्ती झालेले. एकच जात, एकच भाकरी, धर्म दोन. मी देव मानत नाही. पण लहानपणी मामाच्या गावाला उत्तम शुक्रवारी बारा ते तीन चर्चच्या सतरंजीवर बसून वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकलेत. त्यातला दुसरा उद्गार एका चोरासाठी आहे.

येशूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार टांगलेले. मत्तय आणि मार्क म्हणतात, दोघंही येशूची टिंगल करत होते. एकटा लूक वेगळं सांगतो. त्याच्या तेविसाव्या अध्यायात एक जण दुसऱ्याला दटावतो, की आपण आपल्या करणीचं फळ भोगतोय, ह्यानं तर काहीच केलेलं नाही. मग येशूला म्हणतो, तुझ्या राज्यात माझी आठवण ठेव. आणि येशू त्याला सांगतो, आजच तू माझ्यासोबत सुखलोकात असशील. ना बाप्तिस्मा, ना दान, ना प्रायश्चित्त. काही घटकांचा पश्चात्ताप आणि थेट सुटका.

हे आलं की मामा डोळे मिटून घ्यायचे. मला मात्र वाटायचं, ह्या चोरानं ज्यांना लुटलं ते लोक कुठं आहेत? त्यांना कुणी विचारलं का? गोष्टीत ते नाहीतच. मारणारा आहे, माफ करणारा आहे. मार खाल्लेला माणूस गायब.

ह्या गोष्टीची पळवाट करणारे निघालेच. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन घ्या. ३२६ साली त्यानं स्वतःच्या पोराला, क्रिस्पसला, ठार करवलं. बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, शेवटच्या आजारात. त्या काळात अनेक जण असंच करायचे. बाप्तिस्म्यानं मागची सगळी पापं धुतली जातात ना, मग धुणं एकदाच काढू, अगदी शेवटाला! पुढं पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं पैसे घेऊन वाटली गेली. १५१७ साली मार्टिन ल्यूथर त्याच्यावर उसळला. त्याचं पहिलंच म्हणणं असं, की पश्चात्ताप ही एका दिवसाची गोष्ट नाही, ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असलं पाहिजे.

पण मित्रांनो, टिंगल करण्याआधी तेच लूकचं पुस्तक थोडं मागं उलटा. एकोणिसाव्या अध्यायात जक्कय भेटतो. जकातदारांचा मुखिया. रोमन सरकारसाठी लोकांना पिळणारा. येशू त्याच्या घरी जातो. जक्कय उभा राहून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो, आज ह्या घराचं तारण झालं. चोरालाही 'आज', जक्कयलाही 'आज'. मग एकाला फुकट आणि दुसऱ्याला चौपट का?

मी ह्याचं उत्तर हातात शोधतो. चोराचे हात अडकलेले होते. त्याला काही परत करणं शक्यच नव्हतं. जक्कयचे हात मोकळे होते. ज्याचे हात मोकळे आहेत त्यानं चोराची गोष्ट आपल्याला लावून घेणं म्हणजे शुद्ध बनवाबनवी. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तर येशू स्वतःच सांगतो, की वेदीवर दान ठेवताना आठवलं की भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आधी माणूस, मग देव.

ही गोष्ट एका पाद्र्यानं मरणाऱ्याच्या खाटेपर्यंत नेली. बार्तोलोमे दे लास कासास. हा १५०२ साली हिस्पॅनिओला बेटावर गेलेला स्पॅनिश माणूस. त्याच्याकडंही वेठीला जुंपलेले इंडियन होते. वेठीची रीत अशी, की तिथल्या मूळ रहिवाशांची गावंच्या गावं एकेका स्पॅनिश माणसाच्या हवाली करायची, त्यानं त्यांच्याकडून श्रम आणि खंडणी उकळायची. १५१४ साली लास कासासनं आपली वेठ सोडली. पुढं तो चियापासचा बिशप झाला आणि पापाची कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यांसाठी त्यानं नियम लिहिले. सेव्हिलमध्ये ते १५५२ साली छापले गेले.

नियम ऐका. मुलूख जिंकून लुटणारा स्पॅनिश माणूस मरायला टेकलाय आणि पाद्र्याला बोलावतोय. पाद्र्यानं पापमुक्तीचे शब्द उच्चारायच्या आधी दस्तऐवज लिहिणारा बोलवायचा. मरणाऱ्यानं लिहून द्यायचं, की माझ्या सगळ्या मालमत्तेचा निवाडा हा पाद्री करील. गुलाम तिथल्या तिथं मोकळे करायचे. ज्यांचं लुटलं त्यांना परत, ते मेले असतील तर त्यांच्या वारसांना. सगळीच मिळकत लुटीची असेल तर पोराबाळांसाठी काही मागं ठेवायचं नाही. लिहून देत नसेल तर माफी नाही. मर तसाच.

ह्या माणसाचा हात थरथरत असेल, पण अजून सही करू शकतो. तेवढं लास कासासनं ओळखलं. साहजिकच गोरे मालक खवळले. १५४८ साली खुद्द राजसत्तेनं ह्या नियमांच्या हस्तलिखित प्रती गोळा करायचा हुकूम काढला. देवाची माफी चालते, जमिनीचा हिशेब चालत नाही!

आणि लास कासासही धुतल्या तांदळाचा नव्हता. इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून त्यानं आफ्रिकेतले गुलाम आणायची सूचना केली होती. नंतर ते पाप त्याला कळलं. आपलं अज्ञान आणि चांगला हेतू देवाच्या न्यायासनापुढं कामाला येईल का, ह्याची त्याला खात्री नव्हती, असं त्यानंच आपल्या इतिहासात लिहून ठेवलं. पण त्या आफ्रिकन माणसांसाठी कुणी दस्तऐवज लिहिणारा बोलावला नाही.

बाबासाहेबांचा ख्रिस्ती मिशनांवरचा एक आक्षेप इथं लागू पडतो. अस्पृश्याला सांगायला हवं होतं, की तुझ्या अवस्थेला भोवतालचा समाज आणि धर्म जबाबदार आहे, त्याच्यावर चालून जा. त्याऐवजी त्याला शिकवलं गेलं, की तुझ्या अधोगतीचं कारण तुझं पाप. म्हणजे ज्याच्या पाठीवर वळ, त्यानंच गुडघे टेकायचे. हा आक्षेप मला शंभर टक्के पटतो. पण आपल्यातलाच एखादा वळ उठवणारा निघाला तर?

मामा तसे निघाले. १९७२ च्या दुष्काळात ते पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. हजेरीचा कागद त्यांच्या हातात. मांगवाड्यातल्या बाया दिवसभर खडी फोडायच्या, मामा अर्धा दिवस मांडायचे, उरलेले पैसे खिशात. आम्हाला कुणालाच ह्याची खबर नव्हती. १९९१ साली मामा अंथरुणाला खिळले. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले, भाकर काढली, तेव्हा मामा म्हणाले, "थांबा साहेब. आधी मांगवाड्यातून आक्काला बोलवा."

मी उशाशी होतो. म्हातारी आली. दारातच उभी राहिली.

"आक्का, दुष्काळात म्या तुझी हजेरी खाल्ली."

"ठावं हाय."

"माफ कर."

"माझ्या एकलीची न्हाई खाल्ली मुकादम. सतरा बाया व्हत्या." आणि ती एकेक नाव घेऊ लागली. पाळकसाहेब भाकर हातात धरून उभे. सतराच्या सतरा नावं झाली.

मामेभाऊ गोंधळला. तवाच्या रुपयाचे आता किती धरायचे? म्हातारी म्हणाली, "पैशाचं मला कळंना. तवा आमच्या लेकरांनी लाल मिलो खाल्ली. तू चांगली ज्वारी दे. समद्यांना दे." त्या वर्षी घरात आलेली ज्वारी त्यानं काढली, कमी पडली ती बाजारातून घेतली. ज्या बाया मेल्या होत्या त्यांच्या पोरांच्या दारात पोतं टाकलं. मामी आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

म्हातारीनं माफ केलं का? ती तसं काही बोलली नाही. मामांनीही पुन्हा विचारलं नाही. पाळकसाहेबांनी भाकर दिली, मामांनी खाल्ली, चौथ्या दिवशी गेले. देवानं त्यांना माफ केलं असं पाळकसाहेब म्हणाले. देवाचा कारभार मला ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे, की त्या दिवशी मार खाल्लेली माणसं गोष्टीत आली, नावानिशी आली.

म्हणून बैठकीत पुन्हा हा विषय निघाला तर नुसते हसू नका. मरताना केलेला पश्चात्ताप खोटाच असतो असं नाही. पण ज्याचं खाल्लं त्याच्या वतीनं माफी द्यायचा अधिकार पाद्र्याला नाही, भिक्खूला नाही, पुढाऱ्याला नाही. ज्याचं खाल्लं त्यानं माफ करावं किंवा करू नये, त्याची मर्जी. हिशेब मात्र त्याच्या दारात गेला पाहिजे.

आणि आपल्यातही मुकादम आहेत. वर्गणीचे आहेत, वसतिगृहाच्या धान्याचे आहेत, घरात बायकोच्या कष्टाचे आहेत. त्यांचे हात अजून धडधाकट आहेत. त्यांनी खाटेची वाट कशाला बघायची?