अर्धा तास

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध बागायतदारास आम्ही निरोप दिला. वय वर्षे ९१. सारा गाव त्यांना 'बाबा' म्हणे. आम्हीही म्हणत असू.

वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी करणे हा त्यांच्या घराण्याचा उद्योग. सोललेली केळी दिवसभर उन्हात मांडायची, सायंकाळी झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उतावळ्या माणसाने सुकेळी विकत घ्यावीत, करू नयेत!

सेंट व्हिन्सेंट दि पॉल संस्थेचे बाबा ४० वर्षे सभासद होते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या या संस्थेची रीत अशी, की गरिबाला आपल्या दारी तिष्ठत ठेवायचे नाही. दोघादोघांनी त्याच्या घरी जायचे. त्या भेटी बाबांनी कधी चुकविल्या नाहीत. सभेस मात्र नेमका अर्धा तास उशीर. आम्ही येथे नवीन असताना एकदा सर्वांदेखत त्यांना बोललो.

"चुकलं, फादर," एवढेच ते म्हणाले.

पुढे आजाऱ्यांसाठी पवित्र कम्युनियन घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवून, कूस बदलून, त्यांच्या उशाशी रोझरी म्हणून मगच बाबा घराबाहेर पडत. नऊ वर्षे हा क्रम चालला होता.

क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. सभेची वेळ तेवढी अर्ध्या तासाने उशिराची केली. कारण आम्ही सांगितले नाही; बाबांनीही विचारले नाही.