मापाचा घास

कुत्र्याचे वजन उतरवायचे आहे असे म्हटले की आमच्या चाळीत लोक हसतात. ज्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांना मुक्या जनावराच्या पुढ्यातले अन्न कमी करणे पटत नाही. त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण उपाशी ठेवणे वेगळे आणि मापाने खाऊ घालणे वेगळे, हे आमच्या घरी डॅशहुंड जातीची कुत्री आल्यापासून आम्हांला नीट समजले.

ब्राउनी आम्ही विकत घेतलेली नाही. आमची पत्नी ज्या घरी स्वयंपाकाला जात असे, ते कुटुंब परदेशी गेले आणि ५ वर्षांची ब्राउनी आमच्याकडे आली. तेव्हा तिचे वजन १२ किलो होते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी तिला चाचपून पाहिले व म्हणाले, "हिच्या हाडापेराला साडेनऊ किलो पुष्कळ झाले. वजन उतरवा, नाहीतर पाठ जाईल."

पाठ का जाईल, हे समजून घेण्यासारखे आहे. ही जात जर्मनीतली. बिळात राहणाऱ्या बॅजर या प्राण्याच्या शिकारीसाठी तिची पैदास झाली. म्हणून पाय आखूड आणि अंग लांब. पण ज्या गुणामुळे पाय आखूड झाले, त्याच गुणामुळे मणक्यांमधल्या मऊ चकत्या लवकर कडक होतात. एखादी चकती सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली की मागचे पाय लुळे पडतात. दर चार-पाच डॅशहुंडांत एकाला हा त्रास होतो. वरून चरबीचे ओझे असेल तर पाठीचे हाल विचारू नका.

डॉक्टरांनी हिशेब दिला तो असा. साडेनऊ किलोच्या कुत्रीला वजन उतरवताना दिवसाला ३७५ कॅलरींच्या आसपास अन्न द्यायचे. आमच्या पाकिटातल्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी आहेत. म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ निम्मे निम्मे, तेही वाटीने नव्हे तर वजनकाट्यावर मोजून. आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वजन उतरले म्हणजे पुरे, घाई करायची नाही.

आता वाचकहो, चहाबरोबरची चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजे ९० ते १०० कॅलरी. तिच्या दिवसभराच्या अन्नाचा हा चौथा हिस्सा! आपले पोटभर जेवण झाल्यावर कोणी आपल्याला रोज आणखी तीन भाकरी खाऊ घालाव्यात, तसे हे झाले. चाळीत एका खोलीतून दोन बिस्किटे, दुसरीतून चपातीचा तुकडा. प्रत्येकाचा घास लहान, पण पोट एकच.

खरी अडचण आमच्या आईची होती. १९७२ च्या दुष्काळात तिने नगर जिल्ह्यात सरकारी कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्याच १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकचे बोधचिन्ह वाल्डी नावाचा डॅशहुंड होता, हे धाकटीने वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "कुत्र्याला मान होता, आम्हांला दाणा नव्हता." अशा माणसाला 'घास देऊ नकोस' कोणत्या तोंडाने सांगायचे? आम्ही तसे सांगितलेच नाही. काटा तिच्याच हाती दिला. "आई, दुष्काळात रेशन मोजून मिळे ना? तसे हिला तू मोजून दे. हिच्या पाठीचा प्रश्न आहे." तेव्हापासून ५० ग्रॅमवर एक दाणा जास्त जात नाही. शेजारच्या पोरांनाही तीच सांगते, "द्यायचंच असेल तर गाजर द्या."

उकडलेली फरसबी किंवा गाजराचे तुकडे घास म्हणून चालतात. मीठ-मसाला नको. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला मुळीच देऊ नये, ते विषारी आहे. खाणे मापात असूनही वजन उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, कधी थायरॉइडचा दोष निघतो.

घरी पारख करायची सोपी रीत आहे. मूठ वळून बोटांच्या पेरांवरून हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा फार वाळला. हात सरळ ठेवून पालथ्या बाजूवर बोटे फिरवा, तशा लागल्या तर उत्तम. तळहातासारख्या मऊ लागल्या तर वजन जास्त. वजन करायचे तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे.

सात महिन्यांत ब्राउनी साडेनऊ किलोवर आली. जिना मात्र आजही आम्ही तिला उचलूनच उतरवतो. आता ते काम धाकटीलाही जमते.