लॅमिंग्टन रोडवरची एक दुपार

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले, की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे आहे. पण पाटी वाचतो कोण? माझ्यासारखा मराठीचा मास्तर तेथे मदरबोर्ड शोधीत हिंडत होता, याला कारण आईच्या जात्यावरच्या ओव्या. २००९ साली मी त्या ध्वनिमुद्रित केल्या. आई गेली, ओव्या एका खिशातल्या हार्डडिस्कवर उरल्या, आणि घरचा जुना संगणक ती जोडताच टिकटिक करून सोडून देई.

“सर, डिस्क चांगली आहे, पोर्ट उपाशी आहे,” दुकानातला पोरगा म्हणाला. यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टला ०.५ अँपिअर देते, ३.० चे ०.९, टाइप-सी ३ पर्यंत जाऊ शकते. एका खोक्यावर ‘६० वॅट’ ठळक छापले होते. ती ताकद पुढच्या एकाच पोर्टाला, तीही पॉवर सप्लायची जादा वायर जोडली तर! म्हणजे तळटीपा येथेही आहेतच.

“ते फोन-लॅपटॉपसाठी. तुम्ही मागे टाइप-सी असलेला साधा घ्या.”

काउंटरवरच बोर्ड मांडून त्याने डिस्क जोडली. हॉर्नांच्या कलकलाटात जात्याची घरघर ऐकू आली, मग आई.

“सर,” पोरगा जरा थांबून म्हणाला, “घरी गेल्यावर आधी याची कॉपी काढा.”